कुलपाचा ताबा

महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली म्हैसुरात, आपल्या राहत्या घरी, जे नभोवाणी केंद्र उभारले आणि ज्याचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले, त्या केंद्राला आपले श्रोते कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नभोवाणीची रीतच ती; प्रक्षेपण खंडित होऊन पुन्हा सुरू झाले, तरी ऐकणाऱ्याला कोठे नाव नोंदवावे लागत नाही. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने दूरच्या संगणकावरील फायली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या वापरण्याची एन.एफ.एस. ही व्यवस्था सिद्ध केली, तिची घडणही अशीच होती: सर्व्हरने, म्हणजे त्या दूरच्या संगणकाने, कोणाचे काही स्मरणात ठेवायचे नाही, म्हणजे तो कोसळून उठला तरी कोणाचे अडत नाही.

पण फाईलला कुलूप म्हटले की स्मरण आलेच. दोन कारकून एकाच खतावणीत एकाच वेळी लिहू लागले तर हिशेबाचा घोळ होतो, म्हणून एकाने फाईल ताब्यात घ्यायची आणि सर्व्हरने दुसऱ्याला थोपवून धरायचे. आता समजा, चामुंडी टेकडीवरून वळवाचा पाऊस उतरला, वीज गेली आणि सर्व्हर मध्येच बंद पडला. कोणाकडे कोणता ताबा, हे त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत होते. ते पुसले गेले. उठल्यावर जो प्रथम येईल त्यालाच त्याने कुलूप दिले, तर पहिल्याच्या अर्धवट नोंदीवर दुसऱ्याची लेखणी फिरेल.

यावर योजलेला उपाय मला फार मनोज्ञ वाटतो. सर्व्हर डिस्कवर कुलपे टिपीत नाही. ती घेणाऱ्या यंत्रांची केवळ नावे, एकेका नावाची एकेक चिमुकली फाईल, एवढेच जपतो. उठताच त्या यंत्रांना तो वर्दी धाडतो, आणि मग काही काळ मोहलत पाळून, कोणासही नवे कुलूप न देता, जुन्या ताबेदारांचेच दावे ऐकतो. कोणते कुलूप कोणाचे, हे ज्याचे त्याने सांगायचे. दफ्तर जळाल्यावर रयतेच्या घरातल्या सनदा पाहून ते नव्याने मांडावे, तसा हा प्रकार.

कुलूप घेतलेले यंत्रच परतले नाही, तर मात्र जुन्या व्यवस्थेत ते कुलूप बेवारस पडून राही. म्हणून २००० साली प्रसिद्ध झालेल्या एन.एफ.एस.च्या चौथ्या आवृत्तीत ताबा मुदतीनेच मिळू लागला; लिनक्सवर ती मुदत सामान्यतः ९० सेकंदांची, आणि तेवढ्यात नूतनीकरण झाले नाही तर हक्क सुटू शकतो. तरीही एक पेच उरतो. नेटवर्क तुटल्याने एका यंत्राची मुदत सरली, दरम्यान दुसऱ्याने तीच फाईल बदलून सोडूनही दिली, आणि तशात सर्व्हर पडून उठला. अशा वेळी पहिले यंत्र परत येऊन जुना दावा मांडते, तेव्हा ते लबाडी करीत नसते, मधले काहीच त्याच्या कानी आलेले नसते. असा दावा फेटाळता यावा यासाठी, पडण्यापूर्वीच सर्व्हरने डिस्कवरील यादीतून त्याचे नाव खोडलेले असणे अगत्याचे असते. नाव नसले की मोहलतीतही दावा नामंजूर होतो, आणि त्या यंत्राला नवे कुलूप मागून, फाईल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावी लागते.