वऱ्हाडचे ग्रंथ आणि आपली वही
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी चार शब्द बोलावे अशी आज्ञा उत्सवमंडळाने आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. मिस्सा झाली, मिरवणूक झाली, मुलांचे गायन झाले, आणि आता भोजनाचा सुवास मंडपात येऊ लागला आहे. अशा वेळी ग्रंथांविषयी बोलणाऱ्या मनुष्याकडे श्रोत्यांचे चित्त कितपत राहील, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. तथापि विषय आपल्याच घरचा आहे. आपल्या वऱ्हाडात कोणते ग्रंथ निपजले, अलीकडच्या काळात कोणते निपजले, आणि आपल्या उत्सवाशी त्यांचा संबंध काय, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रारंभी एक कबुली दिली पाहिजे. ही स्मरणिका काढण्याचे ठरले, तेव्हा धर्मग्रामाच्या पहिल्या वर्षांचा वृत्तांत लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही जुन्या नोंदवह्या उघडल्या. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. नाव, तारीख, साक्षीदार. साऱ्या नोंदी नेटक्या होत्या, आणि त्या ठेवणाऱ्या धर्मगुरूंचे आपल्यावर ऋण आहे. परंतु पहिले मंदिर उभे राहिले तेव्हा विटा कोणी वाहिल्या, पहिल्या नाताळाच्या रात्री कंदील कोणाच्या घरून आले, गीत कोणते गायिले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वह्यांत नाही. हे सर्व जाणणारी एक आजीबाई आपल्यांत होती. आम्ही विचारावयास गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘कापूस घरी आला का या, सांगतो मंग सारं.’’ कापूस घरी आला. आम्ही गेलो नाही. उन्हाळ्यात जाऊ, पावसाळा सरल्यावर जाऊ, असे करता करता दोन वर्षे लोटली, आणि गेल्या उपवासकाळात ती देवाघरी गेली. या स्मरणिकेतील पहिल्या वर्षांचे पान जे रोडावलेले दिसते, त्याचा दोष छापखान्याचा नाही. तो आमचा आहे.

ही हळहळ मनात असतानाच आम्हांस वऱ्हाडच्या एका फार जुन्या ग्रंथाचे स्मरण झाले. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे महानुभाव पंथाची मंडळी राहत असत. त्यांचे गुरू श्रीचक्रधर त्यांना सोडून गेले होते, आणि मागे राहिलेल्या शिष्यांपाशी आठवणींवाचून दुसरे धन नव्हते. म्हाइंभट नावाच्या विद्वान शिष्याच्या मनात आले की या आठवणी एकत्र केल्या पाहिजेत. ज्याने जे पाहिले, ज्याने जे ऐकले, त्याला ते विचारून म्हाइंभटाने एकेक प्रसंग टिपला. गुरू कोठे उतरले, काय जेवले, कोणाशी काय बोलले, हे सारे त्याने साध्या बोलीत लिहिले. तोच ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ, आणि मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून त्याचा मान आहे. संस्कृत जाणणाऱ्या पंडिताने सामान्य स्त्रीपुरुषांचे बोल खाली घालू नयेत म्हणून जपावे, यात त्याची थोरवी आहे.

या ग्रंथाची पुढची कथाही ध्यानात घेण्यासारखी आहे. परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा ज्यांनी ती ऐकून पाठ केली होती, त्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. म्हणूनच तिचे पाठ वेगवेगळे आढळतात. पुढे ही पोथी सांकेतिक लिपीत शतकानुशतके झाकलेली राहिली. विसाव्या शतकात ज्या संशोधकांनी ती उजेडात आणली, त्यांत डॉ. विष्णु भिकाजी कोलते हे आपल्या वऱ्हाडचेच, बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले. त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. एकदा लिहिले गेले आणि अनेकांनी ऐकले, म्हणूनच नष्ट झालेलेही परत आले. आमच्या आजीबाईचे बोल कोणीच लिहिले नाहीत, कोणीच पाठ केले नाहीत. ते आता कोठून परत येणार?

त्याच रिद्धपुरात आणखी एक गोष्ट घडली. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला, आणि त्या प्रसंगासाठी महदाइसेने ‘धवळे’ रचले. मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री ती हीच. म्हणजे पाहा, गावात एक सोहळा झाला, त्यात एका स्त्रीने गीत गायिले, कोणी ते जपून ठेवले, आणि आज साडेसातशे वर्षांनंतर आपण तिचे नाव घेत आहो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि महाराष्ट्र शासनाने मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापिले तेही रिद्धपुरास. या मानाच्या मुळाशी राजवाडे नव्हते. गावकऱ्यांच्या आठवणी आणि लग्नाची गाणी होती.

अर्वाचीन काळाकडे वळू. १९१२ साली अकोल्यास साहित्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष हरि नारायण आपटे होते. १४ जानेवारी १९२३ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, अमरावतीस विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली, आणि तिचे अध्यक्षपद दादासाहेब खापर्डे यांनी स्वीकारले. त्या संस्थेची शताब्दी २०२३ साली साजरी झाली. १९८१ साली पुन्हा अकोल्यास आणि १९८९ साली अमरावतीस संमेलन भरले. अकोल्याच्या त्या दुसऱ्या संमेलनाचे अध्यक्ष गोपाळ नीलकंठ दांडेकर होते, आणि त्यांचा जन्म १९१६ साली परतवाड्याचा. पाहुणे म्हणून आलेला अध्यक्ष घरचाच निघाला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच दांडेकरांनी तरुणपणी संत गाडगे महाराजांचा सहवास केला आणि पुढे त्यांचे चरित्र लिहिले. अमरावती जिल्ह्यातील शेणगावी जन्मलेल्या गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही; त्यांचे कीर्तन हाच त्यांचा ग्रंथ. तो ग्रंथ वाऱ्यावर विरून जावयाचा. परंतु १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन कोणा सुज्ञाने ध्वनिफितीवर घेतले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरास, वलगावाजवळ त्यांचे देहावसान झाले. सहा आठवड्यांचा विलंब झाला असता, तर तो आवाज आपल्या नातवंडांच्या कानी कधीच पडला नसता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मात्र स्वतः लिहिले. त्यांची ‘ग्रामगीता’ म्हणजे गाव कसे राहावे याचेच पुस्तक होय.

आता कथा-कादंबऱ्यांचा विचार करू. १९६० साली उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एका गरीब शिंप्याची बायको कौतिक, तिचे कष्ट, तिची लेकरे, एवढाच तिचा विषय; परंतु त्या पुस्तकातील माणसे आपल्या ओसरीवरची भाषा बोलतात. वऱ्हाडी बोली ही हसण्यासाठी आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांनी कौतिकेचे बोलणे वाचावे. त्या बोलीत रडताही येते, हे त्यांस कळून येईल. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांनी शेतकऱ्याच्या मातीची गाणी लिहिली आणि वऱ्हाडी म्हणींचा अभ्यासपूर्वक संग्रह केला. डॉ. प्रतिमा इंगोले यांनी याच बोलीत कथा लिहिल्या. पुढे २००२ साली बुलढाणा जिल्ह्याचे सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ आली, आणि २००४ साली तीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेला आणि शेतीत बुडत चाललेला शेतकऱ्याचा मुलगा त्या कादंबरीत आहे. असा मुलगा आपल्या किती घरांत आहे, हे या मंडपात बसलेल्या मातांस आम्ही सांगावयास नको. २००५ साली रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ आली. प्रौढ साक्षरतेची मोहीम कागदोपत्री कशी तडीस गेली, याचे खुसखुशीत पण बोचरे चित्र तीत आहे. आम्ही शिक्षकमंडळींनी ती हसत हसत वाचावी आणि मग थोडे गंभीर व्हावे.

कोणी म्हणेल, ही पुस्तके इतरांची झाली. आपल्या समाजाचे काय? आपलाही वारसा लहान नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, परंतु छाप रोमन लिपीचा. देवनागरीत ते छापून निघण्यास १९५६ साल उजाडावे लागले. तीनशे चाळीस वर्षे गेली. १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक निघाले, आणि तेव्हापासून कॅथलिक घरांत मराठी वाचनाची सवय लागली. लक्ष्मीबाई टिळक यांनी शाळेत न जाता घरीच अक्षरे गिरवली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली, आणि घरातील भांडणे, प्रवास, दुखणी व विनोद यांतून मराठीचा एक श्रेष्ठ ग्रंथ उभा राहिला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद एका कॅथलिक धर्मगुरूस लाभले. गोमंतकाने लिहिले, नगर-पुण्याने लिहिले, वसईने लिहिले. वऱ्हाडच्या आपल्या मंडळींचे पान मात्र अजून बव्हंशी कोरे आहे.

आपल्यापाशी सांगण्यासारखे नाही, असे तर कोणी म्हणूच नये. ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा होऊन अमरावती धर्मप्रांत झाला, आणि बिशप जोसेफ रोझारिओ त्याचे पहिले मेंढपाळ झाले. ही एक ओळ इतिहासाच्या पुस्तकात सापडते. परंतु मेळघाटातील कोरकू बांधव सणाला डोंगर उतरून येतात तेव्हा कोणती गाणी म्हणतात. पऱ्हाटी वेचून दमलेल्या बाया क्रुसाच्या वाटेला कशा हजर राहतात. दुष्काळाच्या वर्षी लग्नाच्या पंगतीत काय वाढले. शेजारच्या हिंदू, बौद्ध व मुसलमान घरांनी मंदिराच्या बांधकामास कसा हातभार लावला. या गोष्टी इतिहासाच्या पुस्तकात कोण लिहिणार? त्या आपणच लिहिल्या पाहिजेत. संत लूकने शुभवर्तमानाच्या आरंभीच म्हटले आहे की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेली हकीकत नीट शोधून क्रमाने लिहिण्याचे आपण योजले. जे काम लूकने केले, जे म्हाइंभटाने केले, त्याच्या शतांशाची तरी उमेद आपण धरावी.

म्हणून उत्सवमंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की सभागृहात एक कपाट वऱ्हाडच्या ग्रंथकारांसाठी राखावे. आज नावे घेतली ती पुस्तके त्यात प्रथम यावीत, आणि पुढे अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत जे नवे पुस्तक निघेल त्याची एक प्रत विकत घ्यावी. उसनी किंवा भेट मागू नये; लेखकालाही पोट असते. दुसरी सूचना अशी की प्रत्येक सण, लग्न, मर्तिक, सभा झाल्यावर त्याच आठवड्यात एका जाड वहीत अर्धे पान लिहावे. स्वयंपाक कोणी केला, पाऊस आला काय, कोण रुसले आणि कोणी समजूत घातली, हेही यावे. आणि ज्याचे शब्द असतील ते त्याच्याच बोलीत यावेत, शुद्ध करून नव्हे. तिसरी सूचना तरुणांस आहे. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात बोलणे टिपून घेणारे यंत्र आहे. महिन्यातून एका रविवारी मिस्सेनंतर एकेका वृद्धापाशी बसा, विचारा, टिपा, आणि घरी जाऊन कागदावर उतरवा. यंत्र बिघडते, कागद, वाळवी न लागल्यास, टिकतो.

पुढची ज्युबिली येईल तेव्हा आपल्यापैकी बरेच जण येथे नसतील. त्या वेळी कोणी तरुण चिटणीस स्मरणिकेसाठी ती वही उघडील. आमच्यासारखी त्याची फजिती होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे. आम्ही स्वतः पहिले पान आजच लिहिण्याचे ठरविले आहे. त्यावर त्या आजीबाईंचे जे एकच वाक्य आमच्यापाशी उरले आहे, ते लिहू. आणि त्याखाली, आम्ही का गेलो नाही, हेही लिहू.

या सभेत अजून अशी पाच-सहा वृद्ध मंडळी बसली आहेत, की ज्यांनी पहिल्या मंदिरातील मिस्सा ऐकली आहे. कापूस यंदाही घरी येईल. त्याची वाट न पाहता भोजनानंतर आम्ही त्यांच्याजवळ वही घेऊन बसणार आहो. ज्यांस सोबत यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. परमेश्वराची कृपा या धर्मग्रामावर व अवघ्या वऱ्हाडावर राहो अशी प्रार्थना करून, आम्ही आपली रजा घेतो.