आकडे उघडे, नाव झाकलेलं

मुंबई-पुण्यापासून बेळगाव-पणजीपर्यंत ठिकठिकाणांहून आलेल्या माझ्या मध्यस्थ मित्रांनो,

स्वागत समितीच्या वतीनं आपल्या सर्वांचं करवीरनगरीत मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षानं गावाचं कौतुक करावं आणि वेळेत खाली बसावं, अशी रीत आहे. पहिलं मी थोडक्यात उरकतो. दुसऱ्याची खात्री देत नाही.

हे गाव बाजाराचं. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि इथल्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. जुन्या बाजारांतून सौदे कसे व्हायचे, ते वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं आहे. उपरण्याखाली हातात हात घालायचा, बोटं दाबायची, भाव ठरायचा. माल कुणाचा हे साऱ्या पेठेला दिसायचं आणि आकडा तेवढा झाकलेला असायचा. चालते धंदे विकून देण्याच्या आपल्या कामात नेमकं उलटं करावं लागतं. आकडा उघडा ठेवायचा आणि माल कुणाचा ते झाकायचं. दोन्ही बाबतींत आपण अजून कच्चे आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी हे ऐकवतोय, राग मानू नये.

आधी आकड्यांचं बोलतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शिरोलीत, गोकुळ शिरगावात ज्यांनी फाउंड्रीच्या शेड उभ्या केल्या, ते मालक आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. मुलगा हिंजवडीत नाहीतर परदेशात, जावयाला धुरात यायचं नाही. असा मालक आपल्याला चहाला बोलावतो आणि विचारतो, "काय येतील हो याचे?" इथंच आपल्यातले अर्धे घसरतात. काम हातात यावं म्हणून चढा भाव सांगतात. मालक खूश, आपण खूश, आणि पुढं दीड वर्ष एकही गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही. मग मालक म्हणतो, मध्यस्थात दम नाही. खरं म्हणजे दम त्या आकड्यात नव्हता.

समजा, ताळेबंदात नफा 18 लाख आहे. मालक सांगतो, "बायकोचा पगार 4 लाख दाखवलाय, ती कधी येत नाही, गाडी आणि घरचे फोन मिळून 2 लाख. म्हणजे खरे 24." बरोबर आहे, ते मिळवायचेच. पण शेड मालकाच्या नावावर आहे आणि भाडं खर्चात धरलेलंच नाही. बाजारभावानं महिना 50 हजार धरले, तर वर्षाचे 6 लाख गेले. शिवाय मालक सकाळी आठपासून स्वतः उभा असतो. पॅटर्न तोच तपासतो, पुण्याच्या गिऱ्हाइकाशी तोच बोलतो. त्याच्या जागी माणूस ठेवायचा तर महिना 60 हजार, वर्षाचे 7 लाख 20 हजार. उरले 10 लाख 80 हजार. हा आकडा मालकाच्या तोंडावर सांगायचा, तोही त्याचा चहा पिऊन. हे ज्याला जमलं, त्याचा या धंद्यात जम बसला. मालक आठ दिवस बोलत नाही. नंतर फोन त्याचाच येतो.

कागदावर नसलेला धंदा हा तर आपल्याकडचा जुना आजार. "रिटर्नमध्ये एवढं दिसतं, पण खरं दुप्पट आहे," हे वाक्य इथं बसलेल्या प्रत्येकानं ऐकलंय. मी एकच करतो, लाइट बिल मागतो. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण 600 ते 700 युनिट लागतात. त्यातलंही रनर-रायझरचं वजन परत भट्टीतच जातं. बारा महिन्यांची बिलं समोर ठेवली की किती टन माल बाहेर गेला असेल, याचा अंदाज कुणी न सांगताही बांधता येतो. बेकरी असेल तर मैद्याची पोती मोजा, हॉटेल असेल तर गॅसच्या टाक्या. आणि न दाखवलेल्या कमाईचे पैसे खरेदीदाराकडून मागू नयेत. ज्यावर कर वाचवला, त्यावरच किंमतही घ्यायची, असं दोन्हीकडून जमत नाही.

आता नावाचं. कोल्हापुरात गुपित राखणं किती अवघड, हे बाहेरच्यांना कळणार नाही. "शिरोलीतली डक्टाइलची फाउंड्री, दोन भट्ट्या, मालकाला मुलगा नाही" एवढं लिहिलं की नाव लिहायची गरजच उरत नाही. संध्याकाळपर्यंत रंकाळ्यावर चर्चा. दुसऱ्या दिवशी भंगारवाला रोख मागतो, मोल्डरांचा ठेकेदार शेजारच्या शेडमध्ये बोलणी करून येतो आणि बँकेतून सीसी कर्जाच्या नूतनीकरणाबद्दल गोड आवाजात चौकशी होते. धंदा विकायच्या आधीच अर्धा उतरतो. म्हणून माझी पद्धत अशी: पहिल्या कागदावर तालुक्याचंही नाव नाही, फक्त "दक्षिण महाराष्ट्र". गोपनीयतेच्या करारावर सही झाल्याशिवाय आणि पैसे कुठून आणणार हे कळल्याशिवाय नाव सांगायचं नाही. शेड दाखवायची ती साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.

या परिषदेला तरुण मुलं-मुली बऱ्याच संख्येनं आल्या आहेत, त्यांना दोन शब्द. पहिल्या बैठकीपासून चेक वटेपर्यंत वर्ष सहज जातं, आणि आपला टक्का मिळतो तो शेवटी. तोपर्यंत घर कशावर चालणार, हे आधी ठरवा. लेखाकामाची, विम्याची, कसली तरी दुसरी मिळकत सोडू नका. सगळं विकायला निघू नका, दोन प्रकारचे धंदे धरा आणि ते मुळापासून शिका. मेडिकल दुकान घेतलंत, तर जुन्या मालकाचा औषध परवाना नव्या मालकाला तसाच वापरता येत नाही, हे इसार देण्याआधी कळायला हवं. एमआयडीसीचा भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, महामंडळाच्या संमतीशिवाय तो हलत नाही. जीएसटीची जुनी थकबाकी विक्रीनंतर निश्चित झाली, तरी ती खरेदीदाराकडूनही वसूल होऊ शकते. धंदा एकरकमी स्लम्प सेलनं द्यायचा की यंत्रं वेगळी विकायची, यावर कराचं सगळं गणित फिरतं. तिथं आपली हुशारी न दाखवता सीए पहिल्या महिन्यातच सोबत घ्यावा. दोन्ही बाजूंकडून पैसे घेणार असाल, तर दोघांनाही ते लिहून द्या.

एक गोष्ट मात्र मला खटकते. महाराष्ट्रात रेराच्या प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला महारेराकडे नोंदणी करावी लागते, आता प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. तीस कामगारांसकट चालता कारखाना एका हातातून दुसऱ्या हातात देणाऱ्याला मात्र काहीच लागत नाही. अमेरिकेत अशा मध्यस्थांची संघटना 1984 साली उभी राहिली, तिचा स्वतःचा अभ्यासक्रम आहे, प्रमाणपत्र आहे. सरकारनं आपल्यावर नियम लादावेत असं मी म्हणत नाही. कचेऱ्यांचे उंबरे आपण पुरेसे झिजवतो. पण उद्या दुपारच्या सत्रात आचारसंहितेचा मसुदा येणार आहे. त्यावर जेवणानंतरच्या डुलक्या काढू नका, भांडा. माझी दुरुस्ती मी आधीच दिली आहे: चढा भाव सांगून काम घेणाऱ्याचं सभासदत्व जावं.

आता व्यवस्थेविषयी. रात्रीच्या जेवणात तांबडा-पांढरा आहे, शाकाहारींची पंगत वेगळी आहे. अंबाबाईच्या दर्शनाला पहाटे जावं, म्हणजे गर्दी कमी लागते. पन्हाळ्याला जाणाऱ्यांनी कार्यालयात नावं द्यावीत. सभागृहात खरेदीदारही बसलेले आहेत, म्हणून मोबाइलवर बोलताना आवाज जरा बेतानं.

उद्घाटकांनी दीपप्रज्वलनासाठी पुढं यावं, अशी त्यांना विनंती करतो.