दोन पट्ट्या, एक गाडी

आज पदवी हातात घेतलेल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

मी गेवराईत करसल्लागार आहे. तीस वर्षं लोकांच्या पैशाचे हिशोब लिहीत आलो. तेव्हा आज मी पैशाबद्दलच बोलणार आहे, त्यातही रोख पैशाबद्दल.

मागच्या दिवाळीनंतर एक शेतकरी माझ्या ऑफिसात आले. माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी कोपरीच्या खिशातून कापूस विकल्याच्या दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. एक त्यांच्या नावाची, दुसरी मुलाच्या नावाची. तारीख एकच आणि गाडीचा नंबरही एकच. म्हणाले, "वकीलसाहेब, पोरगं चार वर्षं झाली पुण्याला कंपनीत आहे. त्यानं कापूस कधी इकला?" व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की दोन लाखांची रोख एका नावावर देता येत नाही, म्हणून दोन नावं केली. पैसे पुरेपूर मिळाले होते, तक्रार काहीच नव्हती. पण आपल्या घरातून खोटा कागद गेला, याची टोचणी त्या माणसाला माझ्यापर्यंत घेऊन आली होती.

तो नियम काय आहे ते नीट समजून घ्या. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यात २६९ एसटी हे कलम आलं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात मर्यादा तीन लाखांची सुचवली होती, मार्चमध्ये ती दोन लाखांवर आणली. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, किंवा एका कार्यापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायची नाही. आज लाख आणि उद्या लाख असे तुकडे केले तरी पट्टी एक म्हणजे व्यवहार एक. नियम मोडला तर दंड किती? जेवढी रोख घेतली तेवढाच. आणि तो भरायचा पैसे घेणाऱ्यानं, देणाऱ्यानं नव्हे. सबळ कारण दाखवता आलं तर दंड माफ होऊ शकतो, पण ते कारण दाखवायचं ओझंही घेणाऱ्यावरच. कापसाच्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी कायद्याचं पुस्तक एकाच्या मुनीमाकडे असतं, आणि दंड दुसऱ्याला बसतो. नवा आयकर कायदा आला, कलमांचे नंबर बदलले, पण मर्यादा तीच राहिली.

आता थोडं गणित करू. २०१७-१८ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,३२० रुपये क्विंटल होता. त्या भावानं २ लाख व्हायला ४६ क्विंटलांच्या वर कापूस लागायचा. २०२५-२६ चा हमीभाव होता ८,११० रुपये. त्या भावानं २५ क्विंटल कापूस काट्यावर चढला की २ लाख २,७५० रुपये झाले. म्हणजे त्या वेळी बऱ्यापैकी मोठ्या शेतकऱ्यालाच लागू पडणारी मर्यादा आज पाच-सात एकरवाल्याच्या दारात येऊन बसली आहे. शेतकरी श्रीमंत झाला म्हणून हे घडलेलं नाही. बियाणं, खत, वेचणीची मजुरी, सगळंच वाढलं आणि दोन लाखांचा आकडा तिथंच थांबला. कर्जाबद्दलचा नियम तर आणखी जुना. २० हजार किंवा जास्तीचं कर्ज रोखीनं घेऊ नये, ही सर्वसाधारण मर्यादा १९८९ पासून हललेली नाही.

सरकारची बाजू खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जमिनीच्या व्यवहारात एक रक्कम खरेदीखतात आणि दुसरी पिशवीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या पिशवीतल्या पैशावर कर लागत नाही, आणि तो कर शेवटी काडेपेटीपासून खतापर्यंत सगळं विकत घेणाऱ्या तुमच्या-माझ्यावर बसतो. जगातले बरेच देश रोखीला मर्यादा घालतात. युरोपीय संघात १० जुलै २०२७ पासून धंद्यातल्या रोख व्यवहाराला १०,००० युरोंची मर्यादा येते आहे. आपल्या प्रत्यक्ष कर मंडळानंही नोव्हेंबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून शेतकऱ्याला धीर दिला, की स्वतः पिकवलेला माल व्यापाऱ्याला विकताना २ लाखांच्या आतली रोख बिनघोर घ्या, पॅन कार्डही लागणार नाही. हेतू चांगला आहे हे मला मान्य आहे.

पण मग शेतकरी रोखच का मागतो? सरकारी कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, कापूस घातला तर हमीभाव मिळतो, पैसे खात्यावर येतात. तरी गडी गावातल्या खेडा खरेदीवाल्याकडे कमी भावात माल घालून येतो. शहरातल्या माणसाला हे अडाणीपण वाटतं. त्याचं कारण बँकेच्या खिडकीपाशी उभं राहिलं की कळतं. मी उभा राहिलो आहे, माझ्या धाकट्या भावाबरोबर. अतिवृष्टीचं अनुदान खात्यावर आलं होतं. पासबुकात रक्कम दिसत होती. खिडकीतला माणूस म्हणाला, "होल्ड आहे." पीककर्ज थकलं म्हणून खातंच अडवलेलं. नुकसानभरपाईतून कर्जवसुली करू नका, अशा सूचना प्रशासनाकडून वेळोवेळी निघतात. त्या सूचनेची प्रत घेऊन आम्ही तीन खेपा घातल्या, तेव्हा होल्ड निघाला. तोवर रब्बीची पेरणी उसनवारीवर झाली होती. मला कायद्याची भाषा येते म्हणून तीन खेपांत भागलं. ज्याला येत नाही, तो पुढच्या वर्षी रोखच मागणार. त्याला करचोर म्हणायची माझी छाती होत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यानं हेही पाहिलं, की जास्त व्याजाच्या आशेनं म्हाताऱ्यांनी जमिनीचे, निवृत्तीचे, लेकीच्या लग्नाचे पैसे मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवले, आणि २०२३-२४ मध्ये त्यांच्यातल्या कित्येकींच्या दारांना कुलूप लागलं. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. हा फरक तुमच्यापैकी किती जणांच्या घरी माहीत होता? तो घरोघर सांगायचं काम आम्ही शिकलेल्यांनी केलं नाही. माझंही नाव त्यात धरा.

आणि रोख कधी कामाला येते ते कळायला ३० ऑक्टोबर २०२३ आठवा. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावात, बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. त्या दिवसांत फोन-पेचा आवाज कुठल्याच टपरीवर ऐकू आला नाही. ज्याच्या घरात चार नोटा होत्या त्याच्या लेकराला औषध मिळालं, आणि ज्याचा सगळा पैसा मोबाइलमध्ये होता तो पैसा असून हात पसरत होता.

आणि उलट बाजूही आहे. २०१६ च्या ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता ५०० आणि १,००० च्या नोटा गेल्या. आठवडा व्हायच्या आत, १४ नोव्हेंबरला, जिल्हा मध्यवर्ती बँकांना त्या नोटा घ्यायची मनाई झाली, आणि गावाकडच्या शेतकऱ्याचं खातं तर बहुधा तिथंच. माझ्या आजीनं हे असलं आधीही पाहिलं होतं. तिच्या गाडग्यात निजामाचे हाली रुपये होते. १९५० नंतर सात हालीला सहा भारतीय रुपये मिळू लागले, आणि १९५९ मध्ये हाली चलनातूनच गेला. म्हणजे घरात दडवलेली नोटसुद्धा सरकारच्या शब्दावरच उभी असते.

म्हणून रोख म्हणजेच स्वातंत्र्य असं मी तुम्हाला शिकवणार नाही. तुमच्यातल्या अनेकांचे आई-बाप ऊसतोडीला जातात. तुम्ही कोपीत जन्मलात, कारखान्यावरच्या साखरशाळेत पहिली-दुसरी केलीत. मुकादमाकडून मिळणारी उचल रोखच असते. एका कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, हजारांनी, लाखांनी नोटा दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला हातात पडतात, आणि त्या जोडप्याचे पुढचे पाच-सहा महिने त्या नोटांनी विकत घेतलेले असतात. हिशोब फक्त मुकादमाच्या वहीत. आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा, खाड्याचे पैसे कापायचे. हंगाम संपून पट्टा पडताना वही उघडली की कळतं, उचल फिटली नाही, बाकी निघाली. ती बाकी पुढच्या हंगामाला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. पण किती टन तोडला हेच ज्याच्याकडे लिहिलेलं नाही, त्यानं ती वाढ आपल्याला मिळाली की नाही हे कशावरून ताडायचं? उचल हे कर्ज की आगाऊ मजुरी, यावर वकील वाद घालतील. माझा मुद्दा साधा आहे. कापूसवाल्याला रोख लागते कारण खात्यावरचा पैसा त्याला आपला वाटत नाही. ऊसतोडवाला रोखीत बुडतो कारण त्या रोखीचा कागद त्याच्याकडे नाही. दोघांचं दुखणं एकच आहे, पैसा आपला असून त्यावर हुकूम दुसऱ्याचा.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. सरकारनं माणसाला रोख सोडून खात्याकडे वळवायचं असेल, तर खातं खिशाइतकंच मोकळं असलं पाहिजे. अनुदानाला आणि पिकाच्या पैशाला होल्ड लावणाऱ्यावर दंड बसला पाहिजे. दोन लाखांची मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढली पाहिजे, जशी हमीभावाची दरवर्षी फेरमांडणी होते. शेतमालाच्या रोखीबद्दलची जबाबदारी घेणाऱ्या शेतकऱ्यावरून काढून देणाऱ्या व्यापाऱ्यावर टाकली पाहिजे, कारण वह्या आणि मुनीम त्याच्याकडे आहेत. या तीन गोष्टी होईपर्यंत, घामाच्या पैशाला रोखीत धरून ठेवणाऱ्या माणसाकडे संशयानं बघायचा अधिकार कुणालाही नाही.

हे दिल्लीत-मुंबईत व्हायचं ते होईल, त्यासाठी भांडूही. पण तुमच्या हातात आजपासून काही आहे. तुमच्यापैकी कुणी बँकेत लागेल, कुणी तलाठी होईल, कुणी आडतीवर बसेल, कुणी माझ्यासारखा हिशोब लिहील. एका गाडीच्या दोन पट्ट्या तुमच्या हातून होऊ देऊ नका. गावातल्या म्हाताऱ्यांची पासबुकं भरून आणा, पैसा कुठं ठेवला आणि त्याला विमा आहे का, हे विचारा. त्या शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या मी पुन्हा एक करून घेतल्या, पैसे खात्यावर वळवले, चार दिवस गेले. जाताना ते म्हणाले, "आता निवांत झोप लागंल."

दसरा झाला की गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्या आधी प्रत्येकानं आपापल्या गावात एक शंभर पानी वही घ्या. कोणत्या जोडप्यानं कुठल्या तारखेला किती उचल घेतली, ते लिहा, मुकादमाची सही घ्या आणि पानाचा फोटो त्या माउलीच्या मोबाइलवर पाठवा. ती परत येईल, तेव्हा हिशोबाला तिच्या शेजारी तुम्ही बसा.