विहीर आधी खणावी



सरकारने पैसा मंजूर केला की काम झालेच, अशी आपणा सर्वांची एक गोड समजूत असते. ती किती फसवी आहे, हे दाखविण्यासाठी आम्ही आज दूरच्या अमेरिकेचा दाखला घेतला आहे. तेथे पैशाची वाण नव्हती. तरीही अडचण आलीच.

२००८ साली त्या देशातील मोठमोठ्या पेढ्या डबघाईला आल्या आणि लक्षावधी कामकऱ्यांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. १७ फेब्रुवारी २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ७८७ अब्ज डॉलरांच्या कायद्यावर सही केली. त्यातील सुमारे ४८ अब्ज डॉलर वाहतुकीसाठी होते. एरवी महामार्गाच्या कामात राज्याला साधारणतः पाचवा हिस्सा पदरचा घालावा लागे. या वेळी सारा भार केंद्राने उचलला. मात्र अट कडक होती. राज्य सरकारच्या हाती आलेल्या महामार्ग निधीपैकी निम्मी रक्कम १२० दिवसांत ठरावीक कामांना लावून दिली पाहिजे. न लावल्यास शिल्लक रक्कम दुसऱ्या राज्यांकडे जाईल!

आता १२० दिवसांत रस्ता कसा उभा राहावा? रस्ता म्हणजे नुसती खडी आणि डांबर नव्हे. मोजणी, नकाशे, अंदाजपत्रक, पर्यावरणाची तपासणी, भूसंपादन, निविदा, ही मालिका पुरी व्हावयास मोठ्या कामात वर्षे लोटतात. ज्यांचे कागद तयार, त्यांचेच फावले. मिसूरी राज्यातील टस्कंबिया या चिमुकल्या गावी ओसेज नदीवर सुमारे पाऊण शतकाचा जुना पूल होता. नव्या पुलाची तयारी राज्याच्या वाहतूक खात्याने आधीच करून ठेवली होती. तिकडे सही झाली आणि त्याच दिवशी इकडे काम सुरू झाले!

इतरत्र घाईने निवड केली. महामार्गांच्या पैशांपैकी जवळजवळ निम्मा भाग जुन्या रस्त्यांच्या डांबरीकरणात व डागडुजीत गेला. ते काम निरर्थक होते, असे आम्ही म्हणणार नाही. उखडलेले रस्ते सुधारले, मजुरांच्या घरी चूल पेटली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या पुरणारी कामे कागदांअभावी मागे पडली, हा तोटा कोणी भरून द्यावा? कुदळ मारण्याइतकी सिद्ध म्हणून गाजविलेली कामे अपेक्षेइतकी सिद्ध नव्हती, अशी कबुली खुद्द ओबामांनी २०११ साली दिली.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. तिजोरी रिकामी असते तोच काळ नकाशे करण्याचा; त्याला खर्च थोडा, धीर मात्र फार लागतो. या कामाला हारतुरे नसतात, कोनशिला नसते. म्हणूनच ते टळत राहते. निवेदने देणे आपणांस चांगले जमते. यापुढे अधिकाऱ्यांपुढे उभे राहाल तेव्हा "पैसा कधी येणार?" एवढेच विचारून परतू नका. "पैसा उद्या आला, तर परवा कोणते काम सुरू होईल? त्याचा नकाशा दाखवा," असे विचारा. कपाट उघडून नकाशा पुढे ठेवला, तर त्या अधिकाऱ्याचे अभिनंदन करा. कपाट रिकामे निघाले, तर आपले पहिले काम कोणते, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.