बैठे खेळ आणि पाठीचा कणा

२०२४ पर्यंत ज्यास अहमदनगर म्हणत, त्या अहिल्यानगर शहरास लागूनच भिंगार हें गांव आहे. लष्करी छावणीचा शेजार आणि हातमागाचा धंदा या दोन गोष्टींचा ठसा या गांवाच्या इतिहासावर उमटलेला आहे. खड्ड्याच्या मागावर बसणारा विणकर जमिनींत खणलेल्या खड्ड्यांत पाय सोडून बसे. हातानें धोटा फेकी, पायांनीं खालच्या फळ्या दाबी आणि दिवसाचे कितीएक तास पाठ पुढें वाकवून काढी. कंबरेचें दुखणें या धंद्यास नवें नव्हतें. तथापि धंद्याच्या रीतींतच त्यावर थोडासा उतारा होता. कांडी संपली कीं हात थांबे. धागा तुटला कीं पुढें ओणवून तो सांधावा लागे. आणि पांजणीच्या वेळीं ताणा उघड्यावर पसरून त्याच्या कडेनें पुष्कळ येरझारा घालाव्या लागत.

आजच्या तरुणाची बैठक निराळी आहे. हातांत मोबाइल किंवा समोर संगणक, त्यावर चाललेला खेळ, आणि बोटांखेरीज सारें शरीर स्थिर, अशा अवस्थेंत दोन-दोन, तीन-तीन तास निघून जातात. सोंगट्या आणि बुद्धिबळ हेहि बैठेच खेळ होत. पण तेथें समोर माणूस असे, डाव मोडे आणि पट गुंडाळला जाई. पडद्यावरील खेळाचा पट गुंडाळला जात नाहीं. एक फेरी संपते न संपते तोंच दुसरी पुढें उभी राहते. जिंकलेल्यास आणखी जिंकावयाचें असतें आणि हरलेल्यास हार फेडावयाची असते. विणकरास त्याचा मागच मधूनमधून उठवी. खेळणाऱ्यास उठविणारें कोणी नाहीं. पाठदुखीचें मूळ पुष्कळ अंशीं याच ठिकाणीं आहे.

याचें कारण कण्याच्या रचनेंत सांपडतें. मानेचे ७, छातीमागील १२ आणि कंबरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात, आणि अगदीं वरचे दोन सोडल्यास प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्यें कूर्चेची एक लवचिक चकती असते. प्रौढ वयांत या चकत्यांस स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांचें पोषण शेजारच्या भागांतून झिरपून होतें आणि त्या कामीं हालचालीची, म्हणजे दाब पडण्याची व सुटण्याची, मदत होते. दिवसभराच्या भारानें त्यांतील पाणी थोडें थोडें बाहेर जातें. त्यामुळें सकाळीं उठलेला मनुष्य रात्रीं निजावयास जातांना सुमारें एक सेंटिमीटर, किंवा त्याहूनहि किंचित् अधिक, ठेंगणा झालेला असतो. निजल्यावर ती तूट भरून येते. स्नायूंची गोष्टहि अशीच आहे. चालतांना ते आळीपाळीनें आंखडतात व सैल होतात. परंतु पुढें झुकलेलें डोकें तासन्‌तास तोलून धरावें लागलें म्हणजे मानेच्या व पाठीच्या स्नायूंस विसांवा मिळत नाहीं. प्रौढ माणसाचें डोकें सुमारें ५ किलोग्रॅम वजनाचें असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या श्रमाची कल्पना येईल.

मग योग्य आसन कोणतें, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. स्वीडनमधील शल्यतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनीं १९६० च्या दशकांत जिवंत माणसाच्या कंबरेच्या चकतींत बारीक सुई घालून आंतील दाब मोजला, तेव्हां उभें राहण्यापेक्षां आधाराशिवाय बसण्यांत तो अधिक भरला. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या जर्मनींतील एका मोजणींत मात्र, एका स्वयंसेवकावर पाहिलें असतां, सैल टेकून बसण्यांतील दाब उभें राहण्याहून अधिक आढळला नाहीं. या दोन्हींवरून एवढा बोध घ्यावयास हरकत नाहीं कीं, अमुक एक आसन अमृत आणि अमुक एक विष, असा भेद शास्त्रास करतां आलेला नाहीं. ताठ बसलेला मनुष्यहि तीन तास तसाच बसला तर थकणारच. दोष आसनाचा थोडा आणि अचलतेचा फार.

म्हणून घरोघरीं मुलांस जें ‘ताठ बस’ म्हणून बजावण्यांत येतें, त्याच्या जागीं ‘ऊठ जरा’ हे दोन शब्द यावेत. अर्ध्या तासास एकदां उठावें, दोन-तीन मिनिटें चालावें, हात वर ताणावेत, कंबरेवर हात ठेवून हलकेंच मागें वांकावें. खेळांत घड्याळाचें भान राहत नाहीं. तेव्हां नियम घड्याळाशीं न बांधतां खेळाशींच बांधावा. फेरी संपली कीं उठावयाचें, पुढची फेरी उठून आल्यावरच. पाण्याचा तांब्या मुद्दाम दुसऱ्या खोलींत ठेवावा. किती फेऱ्या खेळावयाच्या, तें खेळ सुरू होण्यापूर्वीं ठरवावें. हरल्यावर केलेला निश्चय टिकत नाहीं.

बैठकीची व्यवस्थाहि अगदींच उपेक्षणीय नाहीं. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस आणि पडदा हातभर अंतरावर असावा. पाय जमिनीवर टेकलेले असावेत. टेकत नसतील तर खालीं पाट ठेवावा. कंबरेच्या खळगींत घडी केलेला टॉवेल ठेवल्यास पाठीस आधार मिळतो. जमिनीवर बसणाऱ्यानें भिंतीस टेकावें आणि मांडी वरचेवर बदलावी. मोबाइल मांडीवर ठेवून त्याकडे मान घालण्यापेक्षां कोपरांखालीं उशी घेऊन तो वर उचलावा. खेळासाठीं म्हणून मिळणारी महागडी खुर्ची ज्यास परवडेल त्यानें घ्यावी, पण ती उठण्याचें काम करीत नाहीं. उलट ती इतकी सुखकर असेल कीं मनुष्य तींतून उठेचना, तर ती हानिकारकच ठरेल.

यापुढची पायरी व्यायामाची. पाठदुखी टाळण्याच्या उपायांसंबंधीं झालेल्या अनेक प्रयोगांचा एक मोठा आढावा २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत व्यायाम आणि त्याच्या जोडीस पाठीविषयींचें शिक्षण यांचा गुण स्पष्ट दिसला. कंबरपट्टे व बुटांतील गाद्या यांचा दिसला नाहीं. ऑस्ट्रेलियांतील ७०१ प्रौढांवर केलेला चालण्याचा प्रयोग २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. कंबरदुखींतून नुकतीं बरीं झालेलीं माणसें हळूहळू वाढवीत आठवड्यांतून पांच दिवस अर्ध्या तासापर्यंत चालूं लागलीं. त्यांचें दुखणें पुन्हां उद्भवेपर्यंत मध्यमानानें २०८ दिवस गेले. ज्यांस असा कार्यक्रम दिला नव्हता, त्यांचे ११२ दिवस गेले. जगांतील कोणत्याहि गांवीं फुकट मिळणारें हें औषध आहे. मुलांस व किशोरांस दररोज सरासरी ६० मिनिटें अंगमेहनतीचा खेळ हवा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. महाराष्ट्रास तर सूर्यनमस्काराची परंपराच आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याचा नेटानें प्रसार केला. ज्याची पाठ आधींच दुखत आहे त्यानें मात्र नमस्कारांची संख्या एकदम वाढवूं नये, आणि जें आसन केल्यानें कळ पायांत उतरते तें सोडून द्यावें.

बैठें काम आणि सुदृढ शरीर यांचें वैर नाहीं, याचें उदाहरण भिंगारजवळच्याच भुइकोट किल्ल्यांत मिळतें. ऑगस्ट १९४२ मध्यें पकडलेल्या राष्ट्रीय पुढाऱ्यांस तेथें बंदिवासांत ठेवलें होतें. पंडित नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत त्याच किल्ल्यांत लिहिला. एवढा मोठा ग्रंथ बसून बसूनच लिहावा लागतो. परंतु तेच नेहरू किल्ल्याच्या आवारांतील दगडगोट्यांनीं भरलेली जमीन उन्हांत खणून फुलांचे वाफे तयार करीत असत. ज्यांस किल्ल्याच्या भिंतींबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती त्यांनीं शरीर हलतें ठेवण्याची सोय करून घेतली. ज्याच्या घराचें दार उघडें आहे त्यास सबब सांगतां येणार नाहीं.

इतकें करूनहि पाठ दुखूं लागली तर घाबरून दिवसचे दिवस अंथरुणास खिळून राहूं नये. साधी पाठदुखी बहुधा कांहीं आठवड्यांत ओसरते, आणि झेपेल तेवढें हिंडतेंफिरतें राहिल्यानें लवकर ओसरते. परंतु पायांतील शक्ति कमी होणें, जांघेंत बधिरता येणें, लघवी अथवा शौच यांवरील ताबा जाणें, ताप येणें, कारणाशिवाय वजन घटणें किंवा पडल्यानंतर तीव्र वेदना होणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें. ताबा जाणें व बधिरता येणें या दोन लक्षणांत तर तासांचाहि उशीर महाग पडूं शकतो.

खेळूं नये असें तरुणांस सांगण्यांत अर्थ नाहीं, आणि तशी गरजहि नाहीं. छावणीच्या शेजारीं वाढणाऱ्या पुष्कळ मुलांच्या मनांत सैन्यभरतीच्या मैदानावर धांवण्याची उमेद असते. कोणास यंत्रावर, कोणास शेतांत, कोणास दुकानांत उभें राहावयाचें असतें. त्या सर्वांस पुढें पन्नास वर्षें जी पाठ लागणार आहे, ती सोळाव्या-सतराव्या वर्षींच दुखरी करून ठेवूं नये, एवढीच अपेक्षा. ती पुरी करण्यास पैसा लागत नाहीं. फेरी संपली म्हणजे उठून दारापर्यंत जाऊन यावें लागतें.