ओळख पटविण्याची रीत
(फ्रीमाँट येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून बाबासाहेब १९१७ साली भारतात परतले. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहारांवर सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. पुढे १९२३ साली ज्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यांची ज्ञानाची पात्रता कोणी तपासलीच नाही. तपासली ती फक्त जात.

म्हणून बँकेने 'आपली ओळख पटवा' म्हटले की आमच्या मनात जुनी शंका जागी होते. ती स्वाभाविकच आहे. तथापि येथील चौकशी कशाची असते, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेत बँकांवरील या जबाबदारीचा पाया १९७० च्या कायद्याने घातला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर झालेल्या कायद्याने ती वाढविली आणि ऑक्टोबर २००३ पासून खाते उघडताना चार गोष्टी घेणे बंधनकारक झाले: नाव, जन्मतारीख, राहत्या घराचा पत्ता आणि ओळख क्रमांक. नुसता पोस्टाच्या पेटीचा पत्ता चालत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या परदेशी नागरिकाचा पासपोर्ट क्रमांकही चालू शकतो. ही माहिती बँक कागदपत्रांशी किंवा पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडील माहितीशी ताडून पाहते. नव्याने आलेल्या माणसाची येथे पतनोंदच नसते, म्हणून त्याच्याकडे जास्त कागद मागितले जातात.

त्यानंतरची पायरी म्हणजे खाते कशासाठी, पैसा कोठून येणार, उलाढाल साधारण किती, याची विचारपूस. पगाराच्या खात्यात अचानक मोठी रोकड आली तर प्रश्न येणारच. कर्ज नाकारले तर मात्र कायद्याने बँकेला लेखी कळवावे लागते व कारणे द्यावी लागतात, किंवा ती मागण्याचा हक्क आहे हे तरी सांगावे लागते. बाबासाहेबांच्या गिऱ्हाइकांनी कोणते कारण लिहून दिले असते, असा विचार मनात येतो.

आमच्या कुटुंबांची खरी अडचण नावाची आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टात वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडलेले. लग्नानंतर भगिनींची मधली व शेवटची दोन्ही नावे बदलतात. काहींनी जातिदर्शक आडनाव टाकून नवे घेतले. स्वाभिमानाने घेतलेल्या या नावाचा पुरावा न जपल्यामुळे गावच्या बँकेतील आईवडिलांच्या ठेवीवर वारसाचा हक्क सांगताना धावपळ होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नाव बदललेले असल्यास विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी जोडल्यावर जुन्या नावाचा ओळखदाखला ग्राह्य धरता येतो. ती राजपत्राची प्रत पासपोर्टाइतकीच जपून ठेवावी.

आता संस्थेच्या खात्याविषयी. मे २०१८ पासून कंपन्यांच्या खात्यांत २५ टक्के वा अधिक मालकी असलेल्यांची नावे घेण्याचा नियम आला. राज्याकडे नोंदणी झालेल्या ना-नफा संस्थांना मालकीचा हा प्रश्न नाही, परंतु कारभार पाहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीची ओळख द्यावी लागते. विहारासाठी जमलेली रोकड एका दिवसात दहा हजार डॉलरपेक्षा जास्त भरली तर बँक त्याचा अहवाल सरकारला पाठविते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र तो अहवाल टाळण्यासाठी आज नऊ हजार, उद्या नऊ हजार असे तुकडे करणे हा गुन्हा आहे, मग पैसा कितीही निष्कलंक असो. भोळेपणाने असा सल्ला देणारे आमच्यातच भेटतात.

दानाच्या पावत्या, देणाऱ्याच्या पूर्ण नावासह, खजिनदारांकडे असाव्यात. खजिनदार बदलले की त्याच आठवड्यात ठरावाची प्रत बँकेत द्यावी आणि जुन्या सह्या रद्द करून घ्याव्यात. येत्या निवडणुकीनंतर हे काम कोणी करावयाचे, ते आजच ठरवू या.

जयभीम.