स्वागताध्यक्षांचे भाषण



डीएनए अधिक वेगाने आणि कमी खर्चात कसे वाचायचे, या एका प्रश्नासाठी आपण पुण्यात जमलो आहोत.

मी या कामात शिरलो तेव्हा सँगर पद्धतीचे जेल आम्ही हाताने ओतत असू. दोन काचांमध्ये एक बुडबुडा राहिला की सगळा दिवस वाया. पुढे एक्स-रे फिल्म धुऊन झाली की एकाने ए, सी, जी, टी मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने वहीत उतरवायचे. एका फिल्मवर दोन-तीनशे अक्षरे नीट लागली की त्या दिवशीचा चहा गोड लागे. माणसाच्या जनुकसंचात अशी तीन अब्ज अक्षरे आहेत!

1977 साली केंब्रिजमध्ये सँगर यांच्या गटाने फाय-एक्स 174 हा जिवाणूंना ग्रासणारा विषाणू वाचला. अक्षरे साडेपाच हजारांच्याही आत. पुढे केंब्रिजमध्येच शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी काचेवर बसवलेले असंख्य तुकडे एकदम वाचायची युक्ती काढली. जोडले जाणारे प्रत्येक अक्षर आपल्या रंगाने चमकते आणि कॅमेरा ते टिपतो. त्यांच्या कंपनीने 2005 मध्ये पहिल्यांदा वाचला तो हाच फाय-एक्स. आजही यंत्र नीट वाचते आहे ना, हे पाहायला त्याचाच डीएनए नमुन्यात मिसळतात. मानवी जनुकसंच प्रकल्पाला 13 वर्षे आणि सुमारे तीन अब्ज डॉलर लागले. आता एका माणसाचा जनुकसंच हजार डॉलरच्या आत वाचून होतो.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती 2015 मधली गिनीची गोष्ट. इबोलाच्या साथीत संशोधक मुठीत मावणारी नॅनोपोर यंत्रे साध्या प्रवासी सामानातून तिथे घेऊन गेले. नमुना हाती आल्यापासून 24 तासांच्या आत विषाणूचा अनुक्रम मिळू लागला. साथ पसरत असताना उत्तर महिन्याने येऊन काय उपयोग? कोविडच्या काळात याच पुण्यातल्या प्रयोगशाळांनी ही घाई अंगावर घेतली होती.

एक खंत बोलून दाखवतो. यंत्रे आणि रसायने आपण अजूनही बहुतांशी बाहेरून आणतो. रसायनाची एक पेटी विमानतळावर अडकली की इथले काम थांबते. स्वस्त वाचन म्हणजे नुसती परदेशातली घटलेली किंमत नव्हे. विकरे आणि रंगद्रव्ये इथे बनली पाहिजेत, यंत्र इथे उघडून दुरुस्त करता आले पाहिजे. या सभागृहातल्या तरुणांकडून मला ते हवे आहे.

प्रवेशद्वारापाशी आमच्या जुन्या जेलच्या काचा आणि एक फिल्म मांडली आहे. विद्यार्थ्यांनी ती दिव्यासमोर धरून खालून वर वाचून पाहावी. मी तिथेच उभा असेन.